जुन्या जीबी मेमरी कॅसेटवर नवीन गेम कसा मारायचा

गेमबॉयची, म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या गेमच्या यंत्राची, कंपनीनं स्वतः काढलेली, पुसून परत लिहिता येणारी कॅसेट असते असं सांगितलं की आपल्याकडं लोक बघतच राहतात. आपण बेळगावात, निपाणीत बघितलेलं सगळं टीव्ही गेमवालं, पिवळी कॅसेट, वर ९९९९ इन १ छापलेलं आणि आत तेच ते चार गेम फिरवून फिरवून. जपानात मात्र कंपनीनंच ही सोय काढली होती, निन्टेंडो पॉवर नावानं, १९९७ ला सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी आणि २००० ला गेमबॉयसाठी, त्या गेमबॉयवाल्या कॅसेटलाच जीबी मेमरी म्हणतात. लॉसन नावाच्या दुकानात कॅसेट घेऊन जायचं, पैसे द्यायचे, गेम भरून घ्यायचा, कंटाळा आला की पुसून दुसरा. आपल्याकडं मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे ना, अगदी तसंच. २००७ च्या फेब्रुवारीत ती सर्व्हिस बंद झाली, आता काय करायचं ते घरी बसून.

आधी कॅसेटच्या आत काय आहे ते समजून घ्या म्हणजे पुढं डोकं खाणार नाही. गेमबॉयवाल्या कॅसेटमध्ये १ एमबी फ्लॅश, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी मेमरी आहे आणि सेव्हसाठी १२८ केबी मेमरी, ती बॅटरीवर जिवंत राहते. फ्लॅशचे १२८ केबीचे ८ ब्लॉक. एकापेक्षा जास्त गेम ठेवायचे तर पहिला ब्लॉक मेनूला जातो, गेमना उरतात ७. एकच गेम टाकायचा असेल तर मेनू नको, पूर्ण १ एमबी तुमचा.

आणि खरा घोळ पुढं आहे. या फ्लॅशमध्ये एक छुपी जागा असते, फक्त १२८ बाइटची, तिला मॅप म्हणतात. कुठला गेम कुठल्या ब्लॉकपासून सुरू होतो, किती मोठा आहे, त्याला सेव्ह किती पाहिजे, आणि कॅसेटनं एमबीसी१ सारखं वागायचं का एमबीसी५ सारखं (हे कॅसेटची मेमरी सांभाळणाऱ्या चिपचे प्रकार), हे सगळं त्या मॅपमध्ये. गेम नवीन लिहिला आणि मॅप जुनाच राहिला तर कॅसेट चालू होईल पण गेम अर्धवट दिसेल नाहीतर नुसती पांढरी स्क्रीन, आणि मग लोक म्हणतात कॅसेट मेली. मेलेली नसते ओ, तिला पत्ता चुकीचा दिलाय.

सामान फार लागत नाही. एक रीडर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरला जोडून वाचायचं-लिहायचं यंत्र, मी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू वापरतो, आणि त्याच्यासोबत फ्लॅशजीबीएक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. रीडर आणि कॅसेट दोन्ही बाहेरच्या देशातून मागवावं लागतं, कस्टम ड्युटी बसते, ते धरूनच बजेट करा नाहीतर पोस्टमन दारात उभा आणि तुम्ही खिसे चाचपताय. यूएसबी केबल डेटावाली बघा, निम्म्या केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि रीडर सापडत नाही म्हणून माणूस उगाच ड्रायव्हर बदलत बसतो.

आता साफसफाई. इकडं पाऊस कसा असतो सांगायला नको, खानापूर-जांबोटी बाजूला तर चार महिने कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते, तिथं कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांचं काय होणार. बेळगावच्या खडेबाजारात मोबाइल रिपेअरिंगवाल्यांकडं आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली मिळते, कापसाच्या काडीला थोडं लावून पट्ट्या पुसा, काडी काळी निघायची बंद होईपर्यंत, आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, थुंकीची वाफ बसून पट्ट्या आणखी खराब होतात. पट्ट्या घाण असल्या की लिहिताना एखादा बाइट चुकतो आणि तो शोधायला मग रात्र जाते.

रीडर जोडा, कॅसेट बसवा, सॉफ्टवेअरमध्ये गेमबॉय मोड घ्या. व्होल्टेज ५ पाहिजे. गेमबॉय ॲडव्हान्सची कॅसेट ३.३ ची असते, त्यामुळं रीडरला हातानं बदलायचं बटण असेल तर प्रत्येक वेळी बघून घ्या. सॉफ्टवेअरनं जीबी मेमरी म्हणून ओळखलं की आधी लिहायला जाऊ नका! पहिलं काम बॅकअप. रॉमचा, म्हणजे गेमच्या फाइलीचा, बॅकअप घेतला की सोबत मॅपची वेगळी फाइल पण निघते, ती जपून ठेवा, आणि सेव्हचा बॅकअप वेगळा घ्या. रॉमचा दोनदा घ्या आणि दोन्ही फाइली सारख्या आहेत का ते तपासा, वेगळ्या आल्या म्हणजे पट्ट्या अजून घाण आहेत. हे मी घसा ताणून सांगालोय कारण या कॅसेटवर जपानातल्या कोणीतरी वीस वर्षांपूर्वी भरून घेतलेलं असतं, आणि बलून फाइट जीबी सारखे काही गेम तेव्हा फक्त याच सर्व्हिसवर मिळायचे, पुसलं की गेलं.

मग गेम. स्वतःच्या कॅसेटमधून काढलेला किंवा स्वतः बनवलेला घ्या, त्यातच मजा आहे. जीबी स्टुडिओ फुकट आहे, कोडिंग न येता गेम बनतो. मी किल्ल्याच्या खंदकात फिरणाऱ्या कासवाचा गेम करालोय, मराठीत. स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल, म्हणजे ८ बाय ८ चे चौकोन आडवे २० आणि उभे १८, आणि आपली वेलांटी-उकार त्या एका चौकोनात काय केल्या मावत नाही, म्हणून अक्षर दोन चौकोन उंच काढा, वाचायला येतं. रॉम १ एमबीच्या आत आहे ना बघा. पोकेमॉन गोल्ड इंग्लिश २ एमबीचा, तो बसत नाही, आणि या कॅसेटमध्ये घड्याळाची चिप पण नाही, त्यामुळं रात्र-दिवस पाळणारे गेम विसरा.

एकच गेम लिहिताना मॅप सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं. पण रॉमच्या शेजारी त्याच नावाची मॅप फाइल पडली असेल तर ती घेतं, म्हणून नवीन गेमसाठी वेगळं फोल्डर करा, जुना मॅप चुकून चिकटायला नको. लिहिणं सुरू केलं की रीडरला हात लावू नका. लाइटचा भरवसा नाही तर लॅपटॉपवर करा, बॅटरी भरून. झालं की व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं बरोबर आहे का याची तपासणी, होऊ द्या, घाई करून काढू नका.

गेमबॉयमध्ये घालून बघा. चालू करताना निन्टेंडोच्या लोगोच्या जागी काळी पट्टी आली तर परत कॅसेटच्या पट्ट्या पुसा. गेम चालला तर सेव्ह करा, बंद करा, दुसऱ्या दिवशी परत लावा. सेव्ह उडाला असेल तर बॅटरी संपलीय, ती टाके घालून बसवलेली असते, सोल्डरिंग येत नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत कोणाकडूनही करून घ्या.

सुपर फॅमिकॉमवाली कॅसेट हातात असेल तर हिशोब तोच, आकडे वेगळे, फ्लॅश ४ एमबी आणि सेव्ह ३२ केबी, पण त्याला हा रीडर चालत नाही, आर्डुइनो मेगावर बनवायचा सान्नीचा कार्ट रीडर लागतो. जादा चिप लागणारे गेम, म्हणजे सुपर एफएक्सवाले वगैरे, त्यात चालणार नाहीत, कारण ती चिप त्या कॅसेटमध्ये नाहीच.