जुना पृथ्वीगोल कुठल्या कंपनीचा, किती सालचा, कसं ओळखायचं

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका भंगारवाल्याकडे पुठ्ठ्याचा पृथ्वीगोल मिळाला, तेव्हापासून हेच वेड लागलंय. तर आधी सुक्या फडक्याने पुसा, ओलं अजिबात नको, वर कागद चिकटवलेला असतो, अख्खी आफ्रिका सोलून हातात येईल.

मग पॅसिफिकमध्ये बघा, जागा रिकामी म्हणून कंपनीचं नाव बहुतेक तिथेच छापतात. रेप्लोगल असेल तर शिकागोची, ल्यूथर रेप्लोगलने १९३० ला काढलेली, पण १९५९ मध्ये ती मेरेडिथ या मासिकंवाल्या कंपनीला विकली आणि गोलावर नाव मात्र तेच, म्हणजे नावावरून मालक कळेल असं समजू नका. कोलंबस असेल तर जर्मन, १९०९ ची.

साल बऱ्याचदा छापतच नाहीत, जुना माल कोण घेणार ना! म्हणून देश वाचा. पूर्व पाकिस्तान असेल तर साधारण १९७१ च्या आधीचा, सिलोन असेल तर १९७२ च्या, सोव्हिएत युनियन असेल तर १९९१ च्या. माझ्या गोलावर बांगलादेश पण आहे आणि सिलोन पण, म्हणजे साधारण १९७१-७२ चा. भंगारवाला 'इंग्रजांच्या काळातला' म्हणून हजार मागत होता, बांगलादेशवर बोट ठेवलं, अडीचशेत दिला.