रोज पंधरा मिनिटं: सर्जनशील लेखनाचा सराव कसा बसवावा

बदलापूर-विरारहून फोर्टात नोकरीला येणाऱ्या माणसाकडे सलग मोकळा तास नसतो, आणि सरावाला तो लागतही नाही. पंधरा मिनिटं पुरतात. अट एकच: वही उघडण्याआधी आज कोणता स्वाध्याय करायचा हे ठरलेलं हवं. नाहीतर विषय शोधण्यातच दहा मिनिटं जातात आणि आठवड्याभरात वही कपाटात जाते. म्हणून पाच दिवसांचे पाच स्वाध्याय रविवारीच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

१. वेळ कामाला बांधा

‘रात्री निवांत झालं की’ ही वेळ नव्हे. पाणी भरून झालं की लगेच, डबा भरल्यावर, किंवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीची शेवटची पंधरा मिनिटं, अशी रोज होणाऱ्या कामाला चिकटलेली वेळ टिकते. लोकलमध्ये बसायला मिळत असेल तर उत्तम. उभ्याने प्रवास असेल तर तिथे लिहायचा हट्ट नको, फक्त गोळा करा: कानावर पडलेलं एक वाक्य, एक वास, कुणाच्या तरी हाताची एक हालचाल. मोबाइलवर लिहिणाऱ्यांनी कीबोर्डच्या शब्द-सूचना बंद कराव्यात. पुढचा शब्द तो सुचवू लागला की तुमचं वाक्य चारचौघांसारखंच होतं.

२. पाच मिनिटं हात सैल करा

गजर लावा आणि न थांबता, न खोडता लिहा. काहीच सुचलं नाही तर ‘काही सुचत नाही’ हेच लिहीत राहा. अमेरिकी लेखन-शिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ साली ही रीत पुस्तकातून मांडली आणि ती आजही चालते, कारण लिहिणं आणि तपासणं ही दोन कामं ती वेगळी करते. देवनागरीत एक अडचण येते. प्रत्येक शब्दावर शिरोरेषा ओढताना हात थांबतो. ती सोडून द्या आणि रेघी वहीच्या ओळीखाली अक्षरं लोंबती ठेवा. मोडीतही आधी ओळभर रेघ मारून मगच लिहीत. शुद्धलेखन आत्ता पाहू नका.

३. दहा मिनिटं, एकच स्वाध्याय

स्वाध्यायाला बंधन हवं, तेही घट्ट.

*विशेषणाविना निरीक्षण.* चाळीचा जिना, मासळीबाजार, बस थांबा, काहीही घ्या आणि दहा वाक्यं लिहा. ‘प्रचंड गर्दी होती’ चालणार नाही. ‘पुढच्याची सॅक छातीला लागलेली, कोपर तिसऱ्याच्या बरगडीत’ चालेल.

*नुसता संवाद.* घरमालक आणि भाडेकरू, विषय डिपॉझिट. बारा वाक्यं, ‘तो म्हणाला’ एकदाही नाही. मराठीत नातं संबोधनातून कळतं: ‘अहो काका’, ‘शेठ’, ‘वहिनी’, ‘ए भाऊ’. मध्येच एका जागी ‘तुम्ही’चं ‘तू’ करून बघा. भांडण तिथे सुरू होतं, ‘रागाने’ लिहावं लागत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळी पात्रं पाठ्यपुस्तकी मराठी बोलतात. वाचताना कोण बोलतंय हे कळलं नाही, तर दोघांची वाक्यं पुन्हा लिहा. मालवणी किंवा आगरी मात्र घरात, शेजारात ऐकली असेल तरच वापरा. सिनेमातून उचललेली बोली लगेच उघडी पडते.

*जोडाक्षराविना दहा ओळी.* आमच्या मते मराठी लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला व्यायाम नाही. रफार, प्र, त्र, क्ष, ज्ञ हे सगळे बाद. पहिल्याच मिनिटात लक्षात येतं की ‘त्याने’, ‘तिच्या’, ‘आम्ही’, ‘म्हणाला’, ‘गेल्यावर’ हेही गेले. मग लांब वाक्य तोडावंच लागतं. ‘गाडी दादरला थांबल्यावरही आजी हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या’ याचं होतं: ‘गाडी दादरला थांबली. आजी उठली नाही. पिशवी तशीच हातात.’ आदरार्थी ‘बसल्या होत्या’ गेलं, हे नुकसान खरं. पण वाक्याला वेग आला. ‘म्हणाला’ टाळण्यासाठी ‘वदला’ मात्र लिहू नका, ‘बोलला’ आहे.

*अनुकरण.* रद्दीतून एखादा जुना दिवाळी अंक आणा. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा चालत आल्याने वेगवेगळ्या काळातलं गद्य ग्रंथालयांतही सापडतं. एका परिच्छेदाच्या आठ ओळी हाताने उतरवा, मग वाक्यांची लांबी आणि क्रम तसाच ठेवून विषय बदला. हे वहीपुरतंच, स्वतःचं म्हणून छापायला नाही.

*दृष्टिकोन.* तीच घटना दुसऱ्याच्या तोंडून. फेरीवाल्याची गाडी उचलली जाते, ती आधी त्याच्या नजरेतून, मग समोरच्या गिऱ्हाइकाच्या.

४. शनिवारी सुट्टी, रविवारी वाचन

आठवड्याची पानं मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने खूण करा, जिवंत वाटलेल्या ओळीखाली रेघ मारा. दुरुस्ती नाही. त्याच दिवशी दुरुस्त करायला बसलं की सोमवारपासून पहिल्याच ओळीला पॉलिश सुरू होतं आणि दहा मिनिटांत दोन वाक्यं होतात.

कुठे बिघडतं

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नका. थकबाकी साचली की माणूस वहीच टाळतो. ज्याचा वार त्याचाच स्वाध्याय करा, चुकलेला सोडून द्या. वही गाऱ्हाण्यांची रोजनिशी होत चालली असेल तर आठवडाभर ‘मी’ वर्ज्य करा. महागडी वही घेऊ नका, तिच्यात वाईट लिहायचा धीर होत नाही.

आणि ताजं लिखाण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ‘छान’, ‘अप्रतिम’ येतात आणि पुढचं पान नकळत त्या अंगठ्यांसाठी लिहिलं जातं. चार आठवडे झाले की रेघ मारलेल्या ओळींपैकी एक निवडा आणि शनिवारची सुट्टी मोडून तिच्यावर दोन पानांची गोष्ट लिहा. ती मग एकाच माणसाला दाखवा, न आवडलेलं तोंडावर सांगणाऱ्याला.