जुनी मर्सिडीज ई २२०: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मर्सिडीज-बेंझने १९९४ साली पुण्यात आपली भारतीय कंपनी स्थापन केली आणि १९९५ पासून टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) पुण्यातील कारखान्यात डब्ल्यू १२४ मालिकेतील ई-क्लास तयार होऊ लागली. त्या पहिल्या काळातल्या पेट्रोलवरच्या ई २२० आणि डिझेलवरच्या ई २५० डी आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत. गाडी दणकट आहे, इंजिन सहसा दगा देत नाही. तरीही अनेक मालक दुरुस्तीला कंटाळून ती विकून टाकतात. याचे मुख्य कारण मला असे दिसते की दोष सिद्ध होण्याआधीच पार्ट मागवला जातो, तो बसवूनही दोष राहतो, मग दुसरा मागवला जातो, आणि शेवटी मूळ दोषापेक्षा या अंदाजांचाच खर्च जास्त होतो.

ई २२० च्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे इंजिनाच्या वायरिंगकडे दुर्लक्ष करणे. साधारण १९९२ ते १९९५ या काळात बनलेल्या मर्सिडीज गाड्यांच्या इंजिन हार्नेसमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या तारांच्या जुडग्यात, तारांवरचे आवरण असे वापरले गेले होते की ते इंजिनाच्या उष्णतेने कडक होते, त्याला तडे जातात आणि अखेर त्याचा भुगा होतो. ई २२० मधील एम १११ इंजिन याच काळातले आहे. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना किंवा इंजिनाच्या धातूला टेकल्या की कधी गाडी आयडलिंगला थरथरते, कधी गरम झाल्यावर बंद पडते, कधी एक सिलिंडर मिस करतो, आणि यातले प्रत्येक लक्षण कॉइल, इंजेक्टर किंवा एअर मास सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) गेल्यासारखे भासते. म्हणून दुसरे काहीही उघडण्याआधी, बॅटरी सोडवून, सिलिंडर हेडजवळच्या एखाद्या कनेक्टरचे रबरी बूच हलकेच मागे सरकवावे आणि आतल्या तारा पाहाव्यात. आवरणाचे तुकडे बोटाला लागले तर निदान तिथेच थांबवावे, कारण अशा वायरिंगवर घेतलेल्या कोणत्याही मोजमापाला अर्थ नसतो. तारा पुन्हा पुन्हा वाकवून पाहू नयेत. शाबूत असलेले आवरणही त्याने तुटते. इलेक्ट्रिक टेप गुंडाळून काम भागवणे तर टाळावेच, कारण आत झालेला शॉर्ट इंजिनाच्या कंट्रोल युनिटपर्यंत, म्हणजे त्याच्या संगणकापर्यंत, पोहोचला तर नुकसान कित्येक पटींनी वाढते. हीच खोड थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटरच्या तारांतही असते, ती पुष्कळदा तपासायची राहून जाते.

दुसरी चूक स्कॅनरवर, म्हणजे गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर, विसंबण्याची. या गाडीत आजच्यासारखे स्टीअरिंगखालचे सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट नाही. निदानाचे सॉकेट बॉनेटखाली आहे आणि बाजारातला साधा स्कॅनर त्याच्याशी बोलत नाही. योग्य उपकरणाने कोड वाचला तरी त्यातून कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच कळते. सेन्सर बिघडला, त्याची तार तुटली की अर्थिंग सैल आहे, हे मल्टिमीटरनेच ठरवावे लागते. कूलंटच्या तापमान सेन्सरचे उदाहरण घेता येईल. त्याचा रोध (रेझिस्टन्स) २० अंश सेल्सियसला सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे सव्वातीनशे ओहम असायला हवा. आधी सेन्सरवर मोजावे, मग कंट्रोल युनिटच्या टोकाला मोजावे. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर दोष तारेत आहे आणि नवा सेन्सर वाया जाणार आहे. डॅशबोर्डवरचा काटा बरोबर दाखवतो म्हणून हा सेन्सर निर्दोष ठरत नाही, कारण काट्याला आणि कंट्रोल युनिटला माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळते.

उन्हाळ्यात काटा वर जाऊ लागला की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे अजूनही अनेक मिस्त्री देतात, आणि याबद्दल मला तळमळीने लिहावेसे वाटते. थर्मोस्टॅट म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट ठरवणारी झडप. ती सुमारे ८७ अंशांना उघडते आणि रेडिएटरची वाट उघडतानाच बायपासची वाट बंद करत जाते. ती काढली की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात येतो, म्हणजे चढणीवर गाडी तापायची ती तापतेच. उलट थंड हवेत इंजिन आवश्यक तापमानाला पोहोचत नाही, कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल सोडत राहते, अ‍ॅव्हरेज घसरतो आणि न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. खरे कारण बहुधा गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये, रेडिएटरचा पंखा फिरवणाऱ्या, ढिल्या पडलेल्या व्हिस्कस फॅन क्लचमध्ये किंवा कूलंटऐवजी वर्षानुवर्षे भरलेल्या नळाच्या पाण्यात असते. यांतले काहीही न तपासता हेड गॅस्केट गेले असे जाहीर करू नये. कूलिंग सिस्टिमला दाब देऊन तो टिकतो का ते पाहावे आणि सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करावी.

पार्ट निवडताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष एवढे सांगणे पुरत नाही. चॅसिस क्रमांकावरून पार्ट क्रमांक काढून घ्यावा. या क्रमांकातील ‘ए’ नंतरचे तीन आकडे तो पार्ट मुळात कशासाठी आखला गेला हे सांगतात: १११ म्हणजे ते इंजिन, १२४ म्हणजे ती बॉडी. मर्सिडीजच्याच त्या काळातल्या सी २२० मध्येही एम १११ च होते, म्हणून तिचे अनेक पार्ट चालतात. हार्नेस मात्र चालत नाही. स्पार्क प्लगमध्ये फसगत होते ती एका अक्षराने. या इंजिनाच्या प्लग कॅपमध्येच रोधक असल्यामुळे प्लग रोधक नसलेला लागतो, आणि बॉशच्या क्रमांकात जास्तीचा ‘आर’ असेल तर तो रोधकाचा प्लग असतो.

कंपनीच्या डब्यातलाच माल घ्यावा असा माझा आग्रह नाही. बॉश, माले, लेमफोर्डर, एल्रिंग यांसारखे उत्पादक मर्सिडीजला माल पुरवत आले आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यातला पार्ट पुष्कळ स्वस्त पडतो. परंतु एअर मास सेन्सर, कॉइल आणि रबरी होज यांत डुप्लिकेट माल घेणे म्हणजे तोच दोष नव्याने विकत घेणे होय.

ई २५० डी च्या मालकांची अडचण वेगळी आहे. सकाळी गाडी उशिरा सुरू होते म्हणून फ्युएल पंप खोलण्याआधी पाचही ग्लो प्लगांचा (थंड इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगांचा) रोध मोजावा, आणि डिझेलच्या बारीक नळ्यांतून हवा ओढली जाते का ते पाहावे. चावी काढल्यावरही इंजिन चालू राहत असेल तर दोष बहुधा व्हॅक्यूमच्या गळतीत असतो, कारण हे डिझेल इंजिन व्हॅक्यूमनेच बंद होते. या इंजिनातला व्हॅक्यूम पंप आवाज करू लागला तर मात्र दुरुस्ती पुढे ढकलू नये, कारण त्याच्या बेअरिंगचे तुकडे टायमिंग चेनमध्ये पडतात.

कुर्ल्याच्या किंवा नाना पेठेच्या बाजारातून दरवाजाचे हँडल, ट्रिम, काचा, ब्रॅकेट असे जुने पार्ट बिनदिक्कत घ्यावेत. वापरलेला हार्नेस मात्र कितीही चांगला दिसला तरी घेऊ नये. तोही बहुधा त्याच वर्षांतला असतो. नव्या हार्नेसवरच्या चिठ्ठीवर निर्मितीची तारीख असते, ती वाचूनच पैसे द्यावेत.