कॉकाटेल घरी आणताना

कॉकाटेल म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. त्याचं पिल्लू घेताना रंगाला भुलू नका. आधी शेपटीखाली बघा. तिथली पिसं ओली, चिकटलेली असतील तर पोट बिघडलंय. मग ते स्वतः दाणे फोडून खातं का, हे उभं राहून बघा. साधारण 10 आठवड्यांचं तरी हवं. माझं पहिलं पिल्लू अजून भरवणीवरचं होतं. विकणाऱ्यानं “खातंय की” म्हणून हातात दिलं. चौथ्या दिवशी गेलं. अजून जीव तुटतो.

पिंजरा उंच नको, लांब हवा. पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत. नुसत्या दाण्यांवर ठेवू नका. राळं-बाजरीसोबत रोज मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर द्या. चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो विष आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुरानंही पक्षी मरतो. आमच्या घरी भाकरीचा लोखंडी तवाच आहे, तेच बरं.

पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, तरी सोलापूरचा मे महिना त्यालाही जड जातो. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसला की समजा, ऊन लागतंय. सावलीत घ्या, पाण्याचा बारीक फवारा मारा.

रात्री तो अंधारात दचकून फडफडतो, पिसं मोडून रक्त येतं. आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूचे आवाज सुरू झाले की मी पिंजऱ्यावर पातळ सोलापुरी टॉवेल टाकते, एक बाजू उघडी ठेवते आणि झिरोचा बल्ब लावते. चादर टाकू नका, आत कोंडतं.