ट्रोपोमोड्युलिनवर काम सुरू करायचंय? आरबीसीच्या लॅबमधले अनुभव

एमएस्सीची पोरं विचारतात की आरबीसीमध्ये, म्हणजे तांबड्या रक्तपेशींमध्ये, आता नवीन काय उरलंय, हिमोग्लोबिनचं तर सगळं होऊन गेलंय. उरलंय, भरपूर उरलंय, आणि त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे मेंब्रेनच्या आतल्या बाजूला चिकटलेलं स्पेक्ट्रिन या प्रोटीनचं जाळं, ट्रोपोमोड्युलिन हे प्रोटीन तिथलंच. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, न्यूक्लियस नाही, नवीन प्रोटीन बनवायची सोय नाही, तरी जवळपास १२० दिवस स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून घुसून बाहेर पडते आणि परत मूळ आकारात येते. त्या जाळ्याच्या प्रत्येक सांध्यावर अॅक्टिनचा (रेणूला रेणू जोडून धागा बनवणाऱ्या प्रोटीनचा) एक छोटासा तुकडा बसलेला असतो, साधारण १२ ते १८ अॅक्टिन रेणूंचा, लांबी ३७ नॅनोमीटरच्या आसपास. आणि हे सगळे तुकडे जवळजवळ एकाच मापाचे! टेस्ट ट्यूबमध्ये अॅक्टिनला मोकळं सोडलं तर ते कित्येक मायक्रॉन वाढत जातं, मग इथे त्याला कोण थांबवतं? हा प्रश्न तुम्हाला खरंच सतावत असेल तर पुढे वाचा.

थोडक्यात उत्तर असं की दोन्ही टोकांना टोप्या आहेत. अॅक्टिनचं एक टोक भरभर वाढतं, बार्ब्ड एंड, तिथे अॅड्युसिन नावाचं प्रोटीन बसतं. दुसरं हळू वाढतं, पॉइंटेड एंड, तिथे ट्रोपोमोड्युलिन. बाजूने ट्रोपोमायोसिन हे प्रोटीन त्या तुकड्याला धरून असतं. आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आरबीसीच्या सायटोसोलमध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात) कॅपझी नावाचं दुसरं बार्ब्ड एंड कॅपिंग, म्हणजे टोपी घालणारं, प्रोटीनही आहे, पण ते मेंब्रेनवरच्या फिलामेंटवर (अॅक्टिनच्या धाग्यावर) बसलेलं सापडत नाही, कारण ती जागा अॅड्युसिनने घेतलेली असते. म्हणजे पेशीत प्रोटीन आहे एवढ्यावरून ते कुठे काम करतं हे ठरवता येत नाही, ते मेंब्रेनवर आहे का हे आधी बघावं लागतं.

वाचायला कुठून सुरुवात करायची? रिव्ह्यू नंतर वाचा, मूळ पेपर आधी. संशोधक वेलिया फाउलर यांनी १९८७ मध्ये माणसाच्या आरबीसी मेंब्रेनमधून ट्रोपोमायोसिनला चिकटणारं एक प्रोटीन काढलं, जेलवर साधारण ४३ हजार डाल्टनचं. ट्रोपोमोड्युलिन या नावाने ते १९९० च्या पेपरात आलं, आणि तेव्हा भर होता तो ट्रोपोमायोसिनच्या टोकाशी त्याचं काय चालतं यावर. ते पॉइंटेड एंड बंद करतं हे १९९४ मध्ये अॅनमरी वेबर आणि फाउलर यांच्या कामातून समोर आलं. अॅड्युसिनचं कॅपिंग १९९६ मध्ये. हे पेपर या क्रमाने वाचले की एका प्रोटीनचं काम नक्की करायला किती वर्षं जातात आणि कुठल्या प्रयोगाने काय सिद्ध झालं ते नीट कळतं, व्हायवाला पण हेच विचारतात.

आता लॅबचं बोलू. माणसाचं रक्त वापरायचं म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी आणि हिपॅटायटिस बीची लस, ही दोन्ही कामं जॉइन झाल्या झाल्या उरकून घ्या, कारण लसीचे डोस काही महिन्यांच्या अंतराने असतात आणि परवानगीला पण वेळ लागतो. रक्त ताजं हवं. पहिल्या स्पिननंतर वरचा बफी कोट (प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींचा थर) काढताना कंजुषी करायची नाही, वरच्या थोड्या आरबीसी गेल्या तरी चालतील, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींत अॅक्टिनला धरणारी प्रोटीन ढिगाने असतात आणि प्रोटीएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) तर असतातच. आमच्याकडे त्यापुढे सेल्युलोजच्या कॉलममधून पण रक्त काढायचे, मी तर म्हणेन तुम्ही पण काढा.

मग लायसिस, म्हणजे पेशी फोडणं, ५ मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ८, सगळं बर्फात, प्रोटीएज रोखणारं पीएमएसएफ ऐन वेळी घालायचं कारण ते पाण्यात लवकर निकामी होतं. प्रत्येक वॉशला पेलेट लालवरून गुलाबी आणि मग दुधाळ पांढरं होत जातं, त्याला घोस्ट म्हणतात. ट्यूब हळूच तिरकी करून बघा, वरचं सैल पेलेट सरकतं आणि तळाला एक घट्ट ठिपका चिकटून राहिलेला दिसतो. तो ठिपका सक्शनने काढून टाका, प्रोटीएजचं घर तेच, आणि हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं नसतं, शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. अजून एक, लायसिस बफरमध्ये मॅग्नेशियम नसेल तर ट्रोपोमायोसिन मेंब्रेनवरून सुटून जातं. आणि ट्रोपोमायोसिन असताना ट्रोपोमोड्युलिनची पकड शेकडो पटींनी घट्ट होते, नसताना ती टोपी गळकी असते. त्यामुळे वहीत प्रत्येक प्रेपसमोर मॅग्नेशियम होतं का नव्हतं ते लिहिलेलं असलंच पाहिजे.

जेलवर डोळ्यांनी ट्रोपोमोड्युलिन शोधत बसू नका. ते अॅक्टिनच्याच उंचीला धावतं आणि अॅक्टिनचा बँड एवढा जाड असतो की खाली काय दडलंय ते दिसतच नाही, म्हणून वेस्टर्न ब्लॉट (जेलवरचं प्रोटीन अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) आणि चांगली अँटिबॉडी लागणारच.

कॅपिंग बघायचा प्रयोग म्हणजे पायरीन-अॅक्टिन. पायरीन हा चमकणारा रेणू लावलेलं अॅक्टिन फिलामेंटमध्ये गेलं की चमक कितीतरी पटीने वाढते, फ्लोरोमीटरवर रेषा चढताना दिसते, टोपी घातली की चढ कमी होतो. ऐकायला सोपं आहे पण सगळी मेख कुठल्या टोकाची वाढ मोजताय यात आहे. बार्ब्ड एंड बघायचं तर आरबीसीतूनच काढलेले स्पेक्ट्रिन-अॅक्टिन सीड (ज्यांच्यावर वाढ सुरू होते ते छोटे तुकडे) वापरतात आणि अॅक्टिन ०.१ च्या वर पण ०.६ मायक्रोमोलरच्या खाली ठेवतात, म्हणजे पॉइंटेड एंड वाढूच शकत नाही. पॉइंटेड एंडसाठी उलटं, जेल्सोलिन नावाच्या प्रोटीनने बार्ब्ड एंड आधीच बंद करून घ्यायचं आणि मग अॅक्टिन जास्त घ्यायचं. हे पक्कं डोक्यात बसल्याशिवाय मशीनला हात लावू नका, कारण पायरीन-अॅक्टिन बाहेरून मागवायचं तर महाग पडतं आणि यायला वेळ लागतो. ट्यूबला फॉइल गुंडाळा, जी-बफरमध्ये (सुटं अॅक्टिन ठेवायच्या बफरमध्ये) एटीपी ताजं घाला.

बऱ्याच जणांना हे काम लगेच रोगाशी जोडायचं असतं. सावकाश घ्या. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिसमध्ये (आरबीसी गोल होण्याच्या आनुवंशिक आजारात) माणसात मुख्यतः अँकिरिन, स्पेक्ट्रिन, बँड ३ आणि प्रोटीन ४.२ या मेंब्रेनच्या प्रोटीनच्या जीन्समध्ये दोष सापडतात, ट्रोपोमोड्युलिन त्या यादीत नाही. उंदरात ट्रोपोमोड्युलिन १ (आरबीसीतला मुख्य प्रकार) नसलं की गर्भच हृदयाच्या दोषाने मरतो, आणि हृदयात ते परत घालून जगवलेल्या उंदरांत आरबीसीतले फिलामेंट लहानमोठे होतात, पेशींचा आकार थोडा बिघडतो. थोडाच बिघडतो, कारण त्याचाच दुसरा प्रकार, ट्रोपोमोड्युलिन ३, काही अंशी जागा भरून काढतं. मला हा निकाल पेशंटच्या कुठल्याही केसइतकाच मोलाचा वाटतो. क्लिनिकल बाजूच आवडत असेल तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिर विज्ञान संस्था आहे, तिथे आरबीसीच्या आजारांवर काम होतं.

नेट, गेट द्याच, पण पीएचडीसाठी मेल करताना मार्कांच्या आधी हे लिहा की तुम्ही हाताने काय केलंय, कॉलम चालवलाय का, कायनेटिक्सचा ग्राफ स्वतः फिट केलाय का, अल्ट्रासेंट्रीफ्यूजचा रोटर बॅलन्स करता येतो का. आणि त्या लॅबच्या एका पेपरातली एक फिगर निवडून तिच्यावर एक खरा प्रश्न विचारा, अगदी दोन ओळींचा चालेल, उदाहरणार्थ या प्रयोगात ट्रोपोमायोसिन होतं का.