मालदीवला शिकवायला जाताय? आधी नवऱ्याचं ठरवा

सिंधुदुर्गात बी.एड. करून बसलेल्या मुलींना तोटा नाही. पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर, नंबर लागला तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, आणि २०२३ मध्ये मानधन वाढलं त्यानंतरही माध्यमिकला महिना १८ हजार. विनाअनुदानित शाळेत हातावर काय पडतं ते तर कोणी मोठ्याने सांगतही नाही. त्यामुळे मालदीवच्या शाळांची जाहिरात फिरू लागली की, मी तिथल्या एका बेटावर शिकवलेलं असल्याने, आचरा-मालवणकडच्या मुलींचे मला फोन येतात. पहिला प्रश्न पगाराचा, मग शाळेचा, मग राहायच्या जागेचा. फोन ठेवता ठेवता हळूच येतं, "आणि ताई, ह्यांना पण नेता येतं ना?"

माझ्या मते हा प्रश्न पहिला. तुमचं निभावून जातं. शाळा असते, तास असतात, वह्यांचे गठ्ठे असतात, स्टाफरूममध्ये केरळच्या नाहीतर तमिळनाडूच्या दोघी-तिघी भेटतात. सोबत आलेल्या माणसाला सकाळी सातपासून रात्रीपर्यंत काय करायचं हे कोणीच सांगत नाही, आणि ते नीट बसलं नाही तर चांगली नोकरी सोडून दोघं परत येतात. अशी जोडपी मी पाहिली आहेत.

आधी जागेचा अंदाज घ्या. मालदीव म्हणजे साधारण बाराशे बेटं. त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर गावं आहेत. जाहिरातीत दिसतात ती पाण्यावरची घरं रिसॉर्टच्या बेटांवर. तुमची नेमणूक होते गावाच्या बेटावर: एक शाळा, एक आरोग्य केंद्र, मशीद, डिझेलवर चालणारं पॉवरहाऊस, चार-सहा दुकानं आणि जेटी. आमचं बेट रमतगमत फिरलं तरी अर्ध्या तासात संपायचं. आपल्याकडे देवबागच्या माणसाला कंटाळा आला तर तो मालवण बाजारात जातो, तिथूनही कंटाळला तर कुडाळ आहेच. बेटावर संध्याकाळी फिरायला निघालात की तीच माणसं दोनदा भेटतात, आणि दुसऱ्यांदा काय बोलायचं हा प्रश्न पडतो.

कागदपत्रांत आपल्या बायकांची अडचण एकच, नाव. बी.एस्सी., बी.एड.च्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि ग्रामपंचायतीच्या विवाह प्रमाणपत्रात नवऱ्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग भलतंच. तिकडच्या माणसाला मधलं नाव म्हणजे वडिलांचं की नवऱ्याचं हे कळण्याचं कारण नाही. म्हणून आधी ग्रामसेवकाला गाठून विवाह प्रमाणपत्रातलं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. मग पदव्या विद्यापीठाकडून पडताळणी, मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय अशा वाटेने साक्षांकित करून घ्या. विवाह प्रमाणपत्रही त्याच फेरीत करा, कारण नवऱ्याच्या व्हिसाला ते लागतंच. हे सगळं पावसाळ्याच्या आत उरकलेलं बरं. तुमच्या पदवीला तिकडे मालदीव क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटीची मान्यता लागते, ते काम बहुतेक वेळा शाळेमार्फत पुढे सरकतं.

एजंटबद्दल एवढंच सांगते. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून मालदीवला आधी व्हिसा न काढता जाता येतं, ९० दिवस राहता येतं. याच सोयीवर काही जण दुकान चालवतात: "तुम्ही जा तर खरं, वर्क व्हिसा तिकडे गेल्यावर होऊन जाईल." पर्यटक म्हणून गेलेल्याने काम करणं बेकायदा आहे. नोकरीची मंजुरी आणि नियुक्तीपत्र हातात आल्याशिवाय कुडाळ स्टेशनावर पाय ठेवू नका. कुडाळ म्हणते, कारण आम्ही नेत्रावती एक्सप्रेसने तिरुवनंतपुरमला उतरून तिथून राजधानी माले गाठायचो. विमानाचा टप्पा तासा-दीड तासाचा. आता मोपाचा विमानतळ सुरू झाल्याने गोव्याकडूनही वाटा झाल्या आहेत.

आता नवरा. शिक्षिकेच्या वर्क व्हिसावर जोडीदाराला डिपेंडंट व्हिसा मागता येतो. त्याच्या अटी, पगाराची मर्यादा, लागणारा विमा हे बदलत असतं, म्हणून मुलाखतीतच विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. या व्हिसावर काम करता येत नाही, ही यातली खरी मेख. कमाईचं कुठलंच काम नाही. गावात कितीही मागणी असो, वेगळा वर्क परमिट निघाल्याशिवाय नाही.

आमचे हे बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. वडिलांपासूनचा धंदा. बेटावर जेटीला आउटबोर्ड इंजिनांची रांग, त्यातली निम्मी खोकणारी. हा माणूस रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचा, आणि आवाजावरून दुखणं ओळखायचा. एकदा एकाचं इंजिन तापून बंद पडत होतं. ह्यांनी लांबूनच मोडक्या हिंदीत सांगितलं, पाणी नीट बाहेर पडत नाही, इंपेलर (पाणी खेचणारं पात्यांचं चाक) बघ. (हिंदी सिनेमांमुळे तिथे बऱ्याच जणांना हिंदी समजतं.) इंपेलरची पाती झिजलेली निघाली. त्यानंतर दारात माणसं यायला लागली. मग आमच्या घरात नियम झाला: हात खिशात ठेवायचे, बोलायचं तेवढं बोलायचं, पान्याला हात लावायचा नाही, पैसे तर नाहीच नाही. इमिग्रेशनवाल्यांनी विचारलं तर "मी फक्त सांगत होतो" म्हणता आलं पाहिजे. पण सकाळी दाराशी गेदर, म्हणजे टुना मासा, ठेवून कोणी निघून गेलं, तर तो परत कोणाकडे पाठवणार?

काम येत असताना हात बांधून बसणं हे बेकार बसण्यापेक्षाही जड जातं. नवरे तक्रार करत नाहीत, चिडचिड करतात. भाजीत मीठ कमी, इंटरनेट स्लो, तुझी शाळा एवढा उशीर का. चिडचिड कशाची आहे ते ओळखा.

आमचा तोडगा कोकणातल्या दर्याच्या वेळापत्रकातूनच निघाला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. बोटी ओढून शाकारलेल्या, आणि इंजिनांची मोठी कामं नेमकी तेव्हाच निघतात. नारळी पौर्णिमेला सगळ्यांना बोट तयार हवी. म्हणून हे मेअखेरीस मालवणला जायचे, सीझनची कामं करायचे, घरचा गणपती करायचे आणि मगच परत यायचे. तिकडेही त्या महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने समुद्र खवळलेला असतो, स्पीडबोटीतून मालेला जाताना आतडी तोंडाशी येतात, तेव्हा बेटावर असण्यात तसंही काही सुख नाही. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की पाणी निवळतं. ते दिवस दोघांनी एकत्र राहायचे. लोक म्हणतात, मग सोबत नेण्याचा उपयोग काय? उपयोग आहे. वर्षभर एकमेकांच्या अंगावर राहण्याचा अट्टहास धरलात तर संसाराला ते बेट पुरत नाही. फक्त डिपेंडंट व्हिसावर किती दिवस देशाबाहेर राहिलेलं चालतं, हे जाण्याआधी इमिग्रेशनकडून नक्की करून घ्या.

गणपतीचं नीट ऐका, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त डोळ्यांत पाणी याच विषयावर येतं. मालदीवमध्ये इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माची सार्वजनिक पूजाअर्चा करता येत नाही, आणि पूजेच्या मूर्ती देशात आणायला बंदी आहे. बॅगेत छोटीशी मूर्ती ठेवू का, असं विचारणाऱ्या मुलींना मी स्पष्ट नाही म्हणते. कस्टमवाल्यांशी वाद घालायची ती जागा नव्हे. चतुर्थीची सुट्टी नसते. मी त्या दिवशी आठवीला बीजगणित शिकवलेलं आहे. संध्याकाळी दिराने फोन आरतीसमोर धरला, भजनाचा आवाज फाटत होता, आणि सासूबाई मधेच स्क्रीनमध्ये डोकावून विचारत होत्या, "थंय नारळ गावतत मां गो?" नारळ गावतात, भरपूर गावतात. दारू आणि डुकराचं मांसही नेता येत नाही, आणि रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणं, पिणं, सिगरेट ओढणं नाही. नवऱ्याला हे विमानात बसण्याआधी दोनदा सांगा. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी सकाळी शाळा. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

कपड्यांचा बाऊ नको. लांब बाह्यांचे सलवार-कमीज शाळेत आणि गावात चालून जातात. साड्या मी नेल्या आणि तशाच घडी घातलेल्या परत आणल्या.

स्वयंपाकघरात खरी परीक्षा गेदरची. आपल्याकडे सुरमई, पापलेट, सरंगा झाल्यावर उरलंच तर गेदर. तिकडे टुना हाच मासा, तोही गळाने एकेक धरलेला. सकाळी किसलेल्या खोबऱ्यात टुना, कांदा, मिरची, लिंबू कुस्करून केलेलं मस हुनी आणि रोशी, दुपारी भातावर गरुधिया म्हणजे त्याच माशाचं पातळ पाणी. पहिला महिना बरा जातो, मग बांगड्याची स्वप्नं पडायला लागतात. मी असं करते: गेदरच्या मधला काळा भाग चाकूने पूर्ण काढून टाकायचा, तुकडे मीठ लावून कोकमाच्या आगळात ठेवायचे, मग जाडसर खोबऱ्याचं वाटण आणि ठेचलेली तिरफळं. आंबटपणा जरा जास्तच ठेवायचा. बांगड्याच्या तिखल्याची सर येत नाही, पण पानात उरतही नाही. तेव्हा सुकी तिरफळं, आमसुलं आणि मालवणी मसाला इथूनच न्या, हवाबंद पाकिटात, नाव लिहून. भाजीपाला मालेहून बोटीने येतो. बोट आली की दुकानात जायचं, दुसऱ्या दिवशी कोबीसुद्धा शिळा वाटतो. पिण्याचं पाणी बहुतेक ठिकाणी पावसाचं साठवलेलं किंवा समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून केलेलं असतं. विहिरीचं मचूळ लागतं, केस धुवायलाही नको वाटतं.

शाळेबद्दल थोडक्यात, कारण ते जमतं. शिकवायचं इंग्रजीतून, परीक्षा केंब्रिजच्या धर्तीच्या. धिवेही भाषा आणि इस्लाम हे विषय स्थानिक शिक्षकांकडे, आपल्याकडे गणित, विज्ञान, इंग्रजी, वाणिज्य. राज्य मंडळात शिकलेल्यांना सवय असते पूर्ण उत्तर पाठ करून घेण्याची, तिथे पायरीपायरीला गुण, आणि मुलाने वेगळ्या रीतीने सोडवलं तरी गुण. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या मार्किंग स्कीम जाण्याआधीच वाचून काढा. वर्ग लहान असतात. पालक दुकानात, जेटीवर, रस्त्यात कुठेही गाठून मुलाचं विचारतात, तेव्हा गणिताच्या बाई म्हणून तुम्ही चोवीस तास ड्युटीवर.

पैशाचा हिशेब मात्र कागदावर मांडा. पगार रुफियात मिळतो, अधिकृत दर डॉलरला साधारण १५.४२. महिना ६० हजार रुफियापर्यंतच्या पगारावर आयकर नाही, शिक्षकाचा पगार त्याच्या आतच असतो. अडचण पैसे घरी पाठवताना येते. देशात डॉलरची चणचण असते, बँका बाहेर पाठवायच्या रकमेवर मर्यादा घालतात आणि ती मर्यादा अचानक खाली येते. त्यामुळे इथल्या घराचा हप्ता त्या पगाराच्या भरवशावर लावू नका. बँकेबाहेर चढ्या दराने डॉलर देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागायचं नाही. नवऱ्याची इकडची कमाई इथेच उपयोगी पडते. आमचा हप्ता इंजिनांवर चालला आणि माझा पगार साठत राहिला.

दुखण्याखुपण्याला बेटावर आरोग्य केंद्र, ॲटॉलच्या, म्हणजे बेटांच्या गटाच्या, मुख्य बेटावर हॉस्पिटल, त्यापुढे माले. इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल तिथेच आहे. खवळलेल्या समुद्रात रात्री बोट निघेलच असं नाही. दिवस गेलेले असतील किंवा नवऱ्याला हृदयाचा त्रास असेल, तर लांबच्या ॲटॉलमधली नेमणूक घेऊ नका, पगार कितीही सांगोत.

शेवटी त्या जोडप्यांसाठी, जिथे दोघंही शिक्षक आहेत. सगळ्यात उत्तम जमतं ते तुमचं, कारण दोघांनाही वर्क व्हिसा मिळतो आणि घरात कोणी हात बांधून बसत नाही. पण अर्ज वेगवेगळे होतात आणि नेमणुकाही वेगवेगळ्या निघू शकतात. "एकाच ॲटॉलमध्ये देतो" यावर सही करू नका. एका ॲटॉलमधल्या दोन बेटांमध्ये बोटीचा लांबचा पल्ला असू शकतो, आणि शुक्रवारी बोट नसेल तर सुट्टी फोनवरच जाते. दोघांच्याही करारात बेटाचं आणि शाळेचं नाव लिहून घ्या, मगच कागद परत पाठवा.