होमस्कूलिंग चालूये पण आठवड्यातून एक दिवस शाळा पण हवीय? सोलापुरात असं जमवता येतं

आमची मुलगी बारा वर्षांची आहे, चार वर्षं झाली घरीच शिकतेय. गणित, वाचन, भाषा हे घरी छान होतं पण खो-खो एकटीनं कसा खेळणार आणि मायक्रोस्कोप, ॲसिडच्या बाटल्या घरात कुठं ठेवणार. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये बऱ्याच ठिकाणी सरकारी शाळाच होमस्कूलच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस बोलावतात, सायन्सचे प्रयोग, चित्रकला, म्युझिक, खेळ, आणि बाकी दिवस मूल घरी. आपल्याकडं तशी व्यवस्था नाही, शाळेशी बोलून आपणच करून घ्यावी लागते.

पहिलं म्हणजे एकट्यानं जाऊ नका. मी एकटी गेले होते तर एका शाळेत ऑफिसातूनच परत पाठवलं, "पटावर नाव नाही तर वर्गात कसं बसवणार" म्हणून, खूप वाईट वाटलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही पाच घरं मिळून एका लहान मराठी शाळेत गेलो, मुख्याध्यापक बाई स्वतः भेटल्या, तासभर बोलल्या. माझ्या मते लहान शाळाच बघा, तिथं निर्णय घेणारा माणूस समोर असतो.

ॲडमिशन हा शब्दच काढू नका, नेमकं मागा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यात खेळ, चित्रकला, प्रयोग असलंच जास्त असतं, तेवढे दोन-तीन तास मागा. शाळेला खरी भीती एकच, मुलाला काही लागलं-खुपलं तर कोण बघणार. म्हणून हमीपत्र आपणच लिहून न्यायचं, त्यात मुलाचं नाव, रक्तगट, दोन फोन नंबर, आणि पाचातला एक पालक पूर्ण वेळ शाळेत थांबेल हे स्पष्ट लिहायचं. आमचं काम ह्या शेवटच्या ओळीमुळंच झालं.

आणि नुसतं घ्यायला जाऊ नका, काहीतरी द्या पण. प्रयोगाचं सामान आम्ही भरतो. आमच्या ग्रुपमधले एक आजोबा सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, सगळं आयुष्य मागावर गेलेलं, त्यांनी जेकॉर्डची (मागावर नक्षी विणायचं यंत्र) भोकं पाडलेली कार्डं आणली आणि चादरीवर मोर कसा उमटतो ते दाखवलं, कुठं भोक आहे तिथं कुठला धागा उचलला जातो ते, मराठीत आणि मधेमधे तेलुगूत, शाळेची मुलं पण हलायला तयार नव्हती. तेव्हापासून शाळाच विचारते पुढच्या शनिवारी काय.

एक गोष्ट मात्र करू नका, पटावर नाव टाकून खोटी हजेरी लावायची. कुणी सुचवलं तरी नको. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) 2009 च्या कलम 4 प्रमाणं 6 ते 14 वयातल्या मुलाला नंतर सुद्धा वयानुसार वर्गात घेता येतं, त्यामुळं परत शाळेत जायची वाट बंद होत नाही.

दहावी एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळातून करणार असाल (वय 14 पूर्ण लागतं, पाच विषय, नोंदणी 5 वर्षं चालते आणि परीक्षेच्या 9 संधी मिळतात) तर सायन्सला प्रॅक्टिकल असतं, त्या वर्षी शाळेकडं बाकी सगळं सोडून लॅबच मागा.

बोलणी जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली की सुरू करा, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. जूनमध्ये गेलात तर वेळापत्रक लागलेलं असतं, मग कुणी ऐकत नाही. पहिले चार शनिवार ट्रायल म्हणूनच मागा म्हणजे शाळेला पण नाही म्हणायची मोकळीक राहते.

अजून एक, वर्गातली मुलं विचारणारच की तू रोज का येत नाहीस, त्याचं उत्तर मुलाशी आधी घरी बोलून ठेवा. आमची पहिल्या दिवशी गप्प बसली होती आणि घरी येऊन रडली. आता सांगते, "मी घरी शिकते, शनिवारी तुमच्याकडं येते", आणि डब्यात शेंगाचटणी-भाकरी जास्तीची घेऊन जाते.